‘प्रोसेसिंग ट्रिगर्स फॉर मॅन-डीबी’ या ओळीशी कॉम्प्युटर का थांबतो?

विंडोज १०ला नेहमीचे अपडेट देणं मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवलं आणि विंडोज ११ बऱ्याच जुन्या मशीनवर चढतच नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपचा बिलिंगचा पीसी, राजारामपुरीतल्या क्लासची लॅब, पन्हाळ्याकडच्या एखाद्या गावातल्या दूध संस्थेचा कॉम्प्युटर... चालतंय ते मशीन भंगारात कोण घालणार? मग कुणाच्या तरी पुतण्याच्या नाहीतर भाच्याच्या सल्ल्यानं त्यावर विंडोजऐवजी उबुंटू किंवा मिंट ही लिनक्स सिस्टीम येते. आणि थोड्याच दिवसांत ठरलेला प्रश्न येतो. काहीही इन्स्टॉल केलं की शेवटी काळ्या पडद्यावर ‘प्रोसेसिंग ट्रिगर्स फॉर मॅन-डीबी’ असं येतंय आणि तिथंच थांबतंय. अडकलंय काय? बटण दाबून बंद करू काय?

अडकलेलं नसतं. त्या वेळी कॉम्प्युटर स्वतःजवळच्या मदतपुस्तिकेची सूची नव्यानं लावत असतो. ही सूची काय असते, ती कधी शिळी होते, हातानं कशी ताजी करायची आणि आपण लिहिलेलं पान तिच्यात कसं घालायचं, हे खाली सांगतो. कमांड इथं उच्चाराप्रमाणं देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या छोट्या इंग्रजी अक्षरांत लिहायच्या. ‘डॅश’ म्हणजे आडवी छोटी रेघ. कमांडमध्ये तिच्याआधी स्पेस द्यायची, नंतर नाही; दोन डॅश लागोपाठ आले तर ते जोडूनच लिहायचे.

## आधी ‘मॅन’ समजून घेऊ

टर्मिनल म्हणजे माउसऐवजी शब्दांनी हुकूम सोडायची ती काळी खिडकी. तिच्यात ‘मॅन’ आणि पुढं कमांडचं नाव लिहिलं की त्या कमांडची माहिती समोर येते. ‘मॅन’ हे मॅन्युअलचं लघुरूप. पद्धत जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची, म्हणजे लिनक्स जिच्या धर्तीवर बनली त्या सिस्टीमची, पहिली पुस्तिका काढली, तिच्यावरची तारीख ३ नोव्हेंबर १९७१. पानाचा साचा तेव्हा ठरला तो जवळपास तसाच चालत आला आहे: सगळ्यात वर नाव आणि एका ओळीत ओळख, मग कमांड लिहायची रीत, मग वर्णन, आणि शेवटाकडं ‘बग्ज’ या मथळ्याखाली त्या वस्तूतले दोष. आपल्याच मालातली खोट आपणच छापून द्यायची ही रीत मला फार आवडते. घरच्या मिक्सरच्या पुस्तिकेत असा मथळा कुणी पाहिलाय?

पुस्तिकेचे आठ भाग असतात. पहिल्यात रोजच्या कमांड, पाचव्यात फाइलींची रचना, आठव्यात व्यवस्थापकाच्या कमांड. दुसरा आणि तिसरा प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी. सहाव्यात चक्क खेळ. एकच नाव दोन भागांत असू शकतं, म्हणून आकडा द्यावा लागतो. ‘मॅन पासडब्ल्यूडी’ लिहिलं तर पासवर्ड बदलायची कमांड समजते. ‘मॅन ५ पासडब्ल्यूडी’ लिहिलं तर वापरकर्त्यांची यादी ज्या फाइलीत असते तिची रचना समजते.

इथपर्यंत सोपं आहे, कारण नाव आपल्याला माहीत आहे.

## नावच माहीत नसेल तर?

नवख्या माणसाची अडचण हीच असते. डिस्कवर जागा किती उरली ते बघायचंय, पण त्या कमांडचं नाव ‘डीएफ’ आहे हे त्याला स्वप्नात तरी सुचेल काय? त्याच्यासाठी ‘ॲप्रोपोस’ नावाची कमांड आहे, अक्षरं ए-पी-आर-ओ-पी-ओ-एस. पुढं एखादा इंग्रजी शब्द द्यायचा, म्हणजे त्या शब्दाशी जुळणाऱ्या पानांची यादी मिळते. ‘मॅन डॅश के’ लिहिलं तरी हेच काम होतं. हिची धाकटी बहीण ‘व्हॉटइज’. ती एखाद्या नावाची फक्त एका ओळीतली ओळख देते.

आता खरी गोम. ॲप्रोपोस मूळ पानं उघडून बघतच नाही. उद्यमनगरात सुट्या भागांच्या एखाद्या जुन्या दुकानात जा. मागं रॅकवर छतापर्यंत माल, आणि काउंटरवर एक रजिस्टर. अमुक मापाचं बेअरिंग आहे काय म्हणून विचारलं की काउंटरवरचा पोरगा रॅककडं जात नाही, रजिस्टर चाळतो. नोंद असेल तर ‘आहे, तिसऱ्या रॅकला’. नोंद नसेल तर ‘नाही’. सकाळीच आलेला माल मागं पोत्यात पडलेला असला तरी उत्तर ‘नाही’च. पोरगा खोटं बोलत नाही, रजिस्टर मागं पडलेलं असतं.

ॲप्रोपोस म्हणजे तो काउंटरवरचा पोरगा. पानं एका ठिकाणी असतात, रजिस्टर दुसऱ्या ठिकाणी. उबुंटूवर पानं ‘यूएसआर’ फोल्डरच्या आत ‘शेअर’, त्याच्या आत ‘मॅन’ इथं दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवलेल्या फाइलींच्या रूपात असतात. सूची ‘व्हार’च्या आत ‘कॅश’, त्याच्या आत ‘मॅन’ इथं ‘इंडेक्स डॉट डीबी’ या नावानं असते. एकाला हात लावला म्हणून दुसरं आपोआप बदलत नाही. रजिस्टर लिहिणारा वेगळा लागतो, आणि त्याचं नाव मॅनडीबी.

## मॅनडीबी नेमकं काय करतो?

तो पानांच्या फोल्डरांतून फिरतो, नवी किंवा बदललेली पानं गाठतो, आणि प्रत्येक पानातला फक्त ‘नेम’ हा पहिला मथळा वाचतो. त्याखाली एक ओळ असते: नाव, मग रेघ, मग थोडक्यात काम. उदाहरणार्थ ‘सीपी – कॉपी फाइल्स अँड डिरेक्टरीज’. ही ओळ तो सूचीत टाकतो. जी पानं काढून टाकली गेली त्यांच्या नोंदी पुसतो. खाली पाचशे ओळींचं वर्णन असलं तरी ॲप्रोपोसला त्यातलं काही कळत नाही. त्याच्या लेखी ते पान म्हणजे ती एक ओळ.

हातानं चालवायचं तर ‘सुडो मॅनडीबी’ लिहायचं. ‘सुडो’ म्हणजे व्यवस्थापकाच्या अधिकारानं. काम झालं की तो हिशेब देतो: किती फोल्डरांत नवी पानं होती, किती पानं घातली, किती जुन्या नोंदी काढल्या. त्यातच ‘झीरो स्ट्रे कॅट्स वर अ‍ॅडेड’ अशी एक ओळ येते आणि पहिल्यांदा बघणारा दचकतो. पूर्वी कॉम्प्युटर मंद होते, म्हणून एकदा मांडणी करून झालेलं पान जपून ठेवत. अशा तयार पानाला ‘कॅट’ पान म्हणत. मूळ पान गेलं आणि तयार पान तेवढं मागं उरलं की ते झालं मोकाट मांजर. आज तिथं बहुतेक शून्यच दिसतं. काळजी नको.

सूचीच बिघडली असेल, समजा मध्येच लाइट गेली, तर ‘सुडो मॅनडीबी डॅश सी’. यानं जुनी सूची बाजूला ठेवून सगळी पहिल्यापासून बांधली जाते. वेळ जास्त लागतो, म्हणून रोज करायचं काम नव्हे.

या सगळ्याचं पॅकेज, म्हणजे एकत्र इन्स्टॉल होणारा गठ्ठा, मॅन-डीबी. १९९० च्या सुमाराला जॉन ईटन यांनी मूळ प्रोग्राम लिहिला, आणि ३१ मार्च २००१पासून कॉलिन वॉटसन ते सांभाळत आहेत. उबुंटू, डेबियन, फेडोरा या लिनक्सच्या सगळ्या प्रकारांत तेच आहे.

## ‘नथिंग अ‍ॅप्रोप्रिएट’ असं उत्तर आलं तर

हा ॲप्रोपोसचा ‘नाही’. याची कारणं तीन-चारच असतात, पण लोक थेट पुन्हा इन्स्टॉल करायला धावतात.

कोणताही शब्द दिला तरी हेच उत्तर येत असेल तर सूची तयारच झालेली नाही. ‘सुडो मॅनडीबी’ चालवा, प्रश्न मिटला. एखादंच नवीन पान सापडत नसेल तर सूची शिळी आहे, उपाय तोच.

मॅनडीबी चालवूनही काही फरक नाही? मग पानंच नसतील. उबुंटूच्या सर्व्हरसाठीच्या आणि कंटेनरच्या (एखादा प्रोग्राम वेगळा चालवायच्या बंदिस्त डब्याच्या) बारीक आवृत्त्यांत जागा वाचवायला मदतीची पानं मुद्दाम वगळलेली असतात. तिथं ‘मॅन’ लिहिलं की सिस्टीम ‘मिनिमाइज’ केली आहे असं तोच सांगतो आणि पानं परत आणायला ‘अनमिनिमाइज’ कमांड सुचवतो. रॅक रिकामा असेल तर रजिस्टर कितीही नीट लिहा.

सगळ्यात फसवं कारण मात्र शब्दाचं असतं. फाइल कशी काढून टाकायची हे शोधायला माणूस ‘ॲप्रोपोस डिलीट’ लिहितो. यादी येते, पण तिच्यात ‘आरएम’ नसतो. का? कारण त्याची ओळख ‘रिमूव्ह फाइल्स ऑर डिरेक्टरीज’ अशी लिहिलेली आहे, ‘डिलीट’ हा शब्द त्या ओळीत नाही. तसंच ‘फोल्डर’ शोधून फोल्डरातल्या फाइलींची यादी देणारा ‘एलएस’ मिळत नाही, कारण जुनी मंडळी ‘डिरेक्टरी’ म्हणतात. उलट ‘रीनेम’ शोधलं तर ‘एमव्ही’ मिळतो; तिथं कंसात का होईना, तो शब्द घातलेला आहे. म्हणून एका शब्दावर नाही मिळालं तर दुसरा शब्द द्या.

उलट तक्रारही असते, की यादी फार लांब येते. ‘ॲप्रोपोस स्पेस’ लिहिलं तर डीएफ आणि फाइलींनी किती जागा व्यापली ते सांगणारा डीयू येतातच, शिवाय टॅबचे स्पेस करणारा ‘एक्स्पँड’ येतो आणि ‘नेमस्पेस’वाली भलतीच मंडळी येतात, कारण शब्दाचा तुकडा जुळला तरी तो धरला जातो. अशा वेळी ‘डॅश ए’ द्यायचं आणि दोन शब्द लिहायचे: ‘ॲप्रोपोस डॅश ए स्पेस यूसेज’. ज्या ओळीत दोन्ही शब्द आहेत तेवढ्याच मिळतात. ‘डॅश एस १’ दिलं तर शोध पुस्तिकेच्या पहिल्या भागापुरता राहतो. नवख्यानं तेच लावून शोधावं असं माझं मत आहे. बाकीच्या भागांतली नावं बघून उगाच घाबरायला होतं.

## मग सरळ सगळी पानंच का चाळत नाही?

चाळता येतात. ‘मॅन’ला मोठ्या लिपीतला ‘के’ दिला तर तो प्रत्येक पान उघडून आतला मजकूर तपासतो आणि सूचीकडं बघतही नाही. ‘डिलीट’ हा शब्द कुठंतरी आडबाजूला आलेली पानंसुद्धा तो एकामागून एक पुढ्यात आणतो. वेळ लागतो, पण एखादा विचित्र एरर संदेश नेमका कुठं लिहिलाय ते शोधायचं असेल तर हाच मार्ग बरा. रोजच्या कामाला नको.

आणि एक गैरसमज. सूची बिघडली म्हणजे मदत बंद पडली, असं नाही. ‘मॅन सीपी’ला सूची नसली तरी चालतं, तो स्वतः फोल्डरांत जाऊन पान शोधून काढतो. अडतं ते ॲप्रोपोस आणि व्हॉटइज यांचं.

## ती ओळ वेळ खाते, बंदच करून टाकू काय?

आता मूळ प्रश्न. नवं पॅकेज आलं की त्याच्याबरोबर नवी पानं येतात, म्हणून इन्स्टॉल करणारी यंत्रणा शेवटी मॅनडीबीला हाक मारते. ‘ट्रिगर’ म्हणजे ती हाक. दहा पॅकेजं एकदम टाकली तरी ती एकदाच, शेवटी मारली जाते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हजारो छोट्या फाइली तपासायला वेळ जातो, म्हणून ओळ थांबल्यासारखी वाटते.

तिथं बटण दाबून मशीन बंद केलं तर सूचीपेक्षा मोठी गोष्ट बिघडते: पॅकेज बसवायचं काम अर्धवट राहतं. पुढच्या वेळी ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’ असं म्हणत यंत्रणा अडून बसते आणि ‘सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए’ चालवल्याशिवाय पुढं सरकत नाही. हा संदेश तुमच्या पडद्यावर आला असेल तर कुणीतरी घाईनं प्लग काढलाय असं समजा.

डेबियन परिवारात, म्हणजे डेबियन आणि तिच्यावर बेतलेल्या उबुंटू-मिंटमध्ये, ही आपोआप होणारी दुरुस्ती बंद करायची सोय आहे, आणि ती करा असं सांगणारेही भेटतात. ज्या सर्व्हरवर कुणी बसून ॲप्रोपोस वापरणारच नाही, तिथं बंद केली तर बिघडत नाही. शिकणाऱ्या पोरांच्या लॅबमध्ये मात्र करू नये. त्यांनाच या शोधाची सगळ्यात जास्त गरज असते आणि सूची शिळी आहे हे ओळखण्याइतका सराव त्यांनाच नसतो.

## आपलं पान सूचीत घालायचं असेल तर

इथं थोडं थांबू या, कारण कामाचा भाग हा आहे आणि बहुतेक लोक तो सोडूनच देतात.

समजा दूध संस्थेतल्या जाणत्या पोरानं सभासदांचं दहा दिवसांचं बिल काढायला छोटा प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं ‘दूधबिल’, अर्थात इंग्रजी अक्षरांत. दोन वर्षांनी तो पुण्याला नोकरीला गेला. मागं राहिलेल्या सचिवांना प्रोग्राम आहे हे माहीत, पण फॅट कमी-जास्त झालं तर कुठला पर्याय द्यायचा ते लिहिलंय एका वहीत, आणि वही कुठं आहे? हेच त्यानं जाण्याआधी मॅन पान करून ठेवलं असतं तर ते प्रोग्रामच्या शेजारीच राहिलं असतं.

पान म्हणजे साधी मजकुराची फाइल. नाव प्रोग्रामचंच, पुढं टिंब आणि भागाचा आकडा: ‘दूधबिल.१’. पहिल्या ओळीत टिंब, टीएच, मग नाव आणि आकडा. पुढच्या ओळीत टिंब, एसएच आणि ‘नेम’ हा मथळा, मोठ्या लिपीत. त्याखाली ती एक ओळ: नाव, स्पेस, उलटी तिरपी रेघ आणि डॅश, स्पेस, मग काम. त्यानंतर तशाच मथळ्यांखाली वापरायची रीत आणि वर्णन. वर्णन पाच ओळींचं असलं तरी पुरे.

फाइल ‘यूएसआर’, ‘लोकल’, ‘शेअर’, ‘मॅन’, ‘मॅन१’ या फोल्डरात ठेवायची. नसेल तर तयार करायचा. मग ‘लेक्सग्रॉग’ ही कमांड फाइलीवर चालवायची. मॅनडीबी जी ओळ उचलेल तीच ती दाखवते. ‘पार्स फेल्ड’ असं आलं तर ओळ चुकली आहे. नव्वद टक्के वेळा डॅशच्या मागची-पुढची स्पेस राहिलेली असते असा माझा अंदाज. हे तपासलं नाही तर मॅनडीबी ‘व्हॉटइज पार्स फेल्ड’ अशी तक्रार करून पुढं जातो. ‘मॅन दूधबिल’ चालतं, पण शोधात ते पान येत नाही. सगळं ठीक असेल तर ‘सुडो मॅनडीबी’, आणि लगेच ‘ॲप्रोपोस दूध’ करून बघायचं. मॅनडीबी चालवायचा विसर पडला तरी उबुंटूत दिवसातून एकदा तो आपोआप चालायची व्यवस्था असते, त्यामुळं दुसऱ्या दिवशी पान बहुधा दिसेल.

त्या एका ओळीत शब्द कुठले घालायचे, यावर खरी मेहनत घ्यावी. ‘युटिलिटी फॉर मेंबर पेमेंट प्रोसेसिंग’ असं भारदस्त लिहिलं तर सचिव ते कधीच शोधणार नाहीत. ते ‘दूध’ लिहितील, ‘बिल’ लिहितील, ‘फॅट’ लिहितील, रोमन अक्षरांत. मग तेच शब्द ओळीत यायला हवेत. व्याकरण थोडं वेडंवाकडं झालं तरी चालेल.

## इन्फो नावाची दुसरी चूल

लिनक्सवरच्या बऱ्याच मूळ कमांड लिहिणाऱ्या जीएनयू प्रकल्पाच्या मंडळींनी मॅनच्या जोडीला ‘इन्फो’ ही वेगळी पुस्तिका चालवली. तिची सूची ‘डिर’ नावाची एक साधी मजकुराची फाइल आहे, उघडून वाचता येते. तिच्यात नोंद घालायला ‘इन्स्टॉल-इन्फो’ कमांड, काढायला तिलाच ‘डॅश डॅश डिलीट’. मॅनडीबीचा इथं काही संबंध नाही. एखादं इन्फो पान दिसत नाही म्हणून मॅनडीबी चालवत बसू नका.

## गूगल आहे, एआय आहे, मग हे कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. ‘डिस्कची जागा कशी बघू’ असं मराठीत विचारलं तरी आज उत्तर मिळतं, ॲप्रोपोसला मराठी कळत नाही. नाव शोधायला खुशाल एआयला विचारा. मीही विचारतो.

पण मिळालेलं उत्तर तुमच्या मशीनवर असलेल्या आवृत्तीचं आहे काय, हे त्याला ठाऊक नसतं. तुमच्या मशीनवरचं पान मात्र प्रोग्रामबरोबरच आलेलं असतं, आणि नेट नसतानाही उघडतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेकाठच्या लोकांनी लाइट-नेटशिवायचे दिवस काढले आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. शिवाय ‘दूधबिल’चं पान कुठल्याही एआयकडं नसतं.

आवृत्तीच्या फरकाचं नेहमीचं उदाहरण ‘सेड’चं. फाइलीतला शब्द जागच्या जागी बदलायला ‘सेड डॅश आय’ वापरतात. लिनक्सवर त्यापुढं थेट बदलाचा नियम लिहिला तरी चालतं. मॅकवरचा सेड वेगळ्या घराण्यातला. त्याला ‘डॅश आय’पुढं मूळ फाइलीच्या प्रतीसाठी शेपूट-नाव द्यावंच लागतं, नको असेल तर रिकामी अवतरणचिन्हं. लिनक्सवरची ओळ तिथं जशीच्या तशी चिकटवली की तो बदलाच्या नियमालाच शेपूट समजतो, फाइलीच्या नावाला नियम समजतो आणि भलताच एरर देतो. त्या मॅकवर ‘मॅन सेड’ उघडून ‘डॅश आय’पाशी गेलं की शेपूट सक्तीचं असल्याचं तिथंच लिहिलेलं दिसतं.